डॅशबोर्डच्या पोटातला फ्यूज

भर पावसात, रात्रीच्या वेळी, घाटात वायपर अचानक थांबला तर पहिला संशय फ्यूजवर घ्यावा. पुष्कळदा तो खरा ठरतो. उडालेला फ्यूज नखाएवढा, किंमत दहा-वीस रुपये, बदलायला वेळ अर्धा मिनिट. तरीही माणसं मेकॅनिकची वाट बघत रस्त्याकडेला ताटकळतात, कारण फ्यूज जिथे बसवलेला असतो तिथवर हातच जात नाही. स्टिअरिंगच्या खाली, पॅनेलच्या आड, पेडलांच्या वर कुठेतरी अंधारात तो असतो. या कामातला तीनचतुर्थांश भाग पोहोचण्याचाच आहे असं माझं मत आहे, आणि गाडीची नासधूस होते तीही याच टप्प्यावर. हात जात नाही म्हणून माणूस धसमुसळेपणा करतो. मग क्लिपा तुटतात, तारा ओढल्या जातात, एका फ्यूजऐवजी शेजारचा उपटला जातो. म्हणून या प्रकरणात फ्यूजपेक्षा त्याच्यापर्यंतच्या वाटेबद्दल जास्त बोलायचं आहे.

आधी फ्यूजचं काम नेमकं काय ते पाहू, कारण पुढचे सगळे नियम त्यातूनच निघतात. मोटारीतला फ्यूज दिव्याला किंवा म्युझिक सिस्टीमला वाचवण्यासाठी नसतो. तो वाचवतो तारेला. घरातला ६० वॉटचा दिवा २३० व्होल्टवर साधारण पाव अँपिअर वीज ओढतो. हेडलाइटचा ६० वॉटचा बल्ब १२ व्होल्टवर पाच अँपिअर ओढतो, म्हणजे वीसपट. दाब कमी असल्यामुळे मोटारीच्या तारांमधून वाहणारा प्रवाह मोठा असतो आणि तार तापते ती प्रवाहामुळे. त्या तारा गालिच्याखालून, सीटखालून, छताच्या अस्तरामागून गेलेल्या असतात. एखादी तार पत्र्याला घासून शॉर्ट झाली तर ती तापून तिचं आवरण पेटायच्या आत कुणीतरी वाट तोडायला हवी. फ्यूजमधली जस्ताची पट्टी तेवढ्यासाठीच असते. जस्त सुमारे ४२० अंश सेल्सिअसला वितळतं. तांब्याच्या तारेला हजाराच्या वरचं तापमान लागतं. प्रवाह मर्यादेबाहेर गेला की आधी पट्टी जाते.

मात्र पट्टी मर्यादा ओलांडली त्याच क्षणी तुटते असं नाही. १० अँपिअरच्या फ्यूजमधून ११ अँपिअर वाहिले तर तो शंभर तासही टिकावा असा बनवलेला असतो. साडेतेरा अँपिअरवर तो दहा मिनिटांपर्यंत तग धरू शकतो, वीस अँपिअरवर पाच सेकंदांच्या आत जातो आणि पस्तीसवर क्षणार्धात. आता कुणी '१०चा सारखा उडतोय' म्हणून तिथे २०चा बसवला, तर १० अँपिअरच्या हिशेबाने निवडलेल्या तारेतून वीस अँपिअर बिनदिक्कत वाहत राहतील आणि फ्यूज हू की चू करणार नाही. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून उडालेला फ्यूज पुन्हा बसवणं हे तर त्याहून भयंकर. तिथे मर्यादाच उरत नाही. गाडी पेटण्याचा धोका त्या चांदीच्या कपट्यात असतो आणि घरी पोहोचेपर्यंत म्हणूनसुद्धा तो पत्करू नये.

आज आपण पाहतो तो दोन पात्यांचा, प्लॅस्टिकच्या टोपीचा फ्यूज १९७६ साली अमेरिकेतल्या लिटलफ्यूज कंपनीने आणला. त्याआधी फोक्सवॅगन बीटलसारख्या युरोपी गाड्यांत दोन्ही टोकांना निमुळते, चिनीमातीचे फ्यूज असत, तर ब्रिटिश गाड्यांत काचेच्या नळीचे. पात्याच्या फ्यूजने दोन मोठ्या सोयी केल्या. तो कमी जागेत बसू लागला आणि त्याला रंग मिळाले. ५ अँपिअर फिकट तपकिरी, साडेसात गडद तपकिरी, १० लाल, १५ निळा, २० पिवळा, २५ पांढरा किंवा पारदर्शक, ३० हिरवा. अंधारात, वाकडी मान करून पाहताना आकडा वाचता आला नाही तरी रंग कळतो, आणि अडचणीच्या जागी काम करणाऱ्याला याचं मोल फार आहे.

कमी जागा लागण्याची सोय मात्र उलटलीही. फ्यूज लहान झाले तसे एका पेटीत जास्त मावू लागले, आणि गाडीत विजेवर चालणाऱ्या वस्तू वाढल्या तसे ते लागूही लागले. मूळ आकाराचा फ्यूज १९ मिलिमीटर रुंद, त्यानंतरचा मिनी ११ मिलिमीटर, मायक्रो ९. मिनीचाच एक बुटका भाऊ आहे, ज्याचे पाय टोपीच्या बाहेर जेमतेम डोकावतात. आपल्याकडच्या अनेक कौटुंबिक गाड्यांत हा बुटका मिनी आणि साधा मिनी दोन्ही सापडतात, आणि दुकानात रुंदी एकच दिसल्यामुळे लोक चुकीचा घेऊन येतात. बुटका फ्यूज खोल खाचेत नीट पकड घेत नाही. पकड ढिली म्हणजे सांध्यात उष्णता, आणि उष्णता म्हणजे वितळलेली पेटी. फ्यूज घ्यायला जाताना जुना बरोबर न्यावा.

फ्यूजची पेटी इतक्या गैरसोयीच्या जागी का बसवतात, हा प्रश्न रास्त आहे. सहसा पेट्या दोन असतात. एक बॉनेटखाली, बॅटरीच्या शेजारी; बॅटरीपासून पेटीपर्यंतची जाड केबल जितकी आखूड तितकं तांबं कमी आणि विजेची गळती कमी. ही पेटी शोधायला त्रास नाही. काळं झाकण, बाजूला एक-दोन कड्या, आणि झाकणाच्या आतल्या बाजूला नकाशा. दुसरी पेटी केबिनमध्ये, डॅशबोर्डच्या आत. इंजिनाकडून येणारा वायरींचा जुडगा मधल्या पत्र्याला भोक पाडून जिथे आत शिरतो त्याच्या आसपास तिला ठेवावं लागतं. शिवाय आताच्या गाड्यांत दरवाजांची लॉकं, इंडिकेटर, वायपर यांचा कारभार पाहणारं इलेक्ट्रॉनिक युनिट आणि फ्यूजची पेटी बहुधा एकाच ठोकळ्यात असतात, म्हणून ठोकळा मोठा झाला. त्याच वेळी डॅशबोर्डमधली चांगली जागा इतरांनी घेतली. आपल्याकडे जुलै २०१९ पासून ड्रायव्हरसमोरची आणि २०२१च्या अखेरीस शेजारच्या सीटसमोरची एअरबॅग सक्तीची झाली. एसीचे पाइप, मोठा पडदा, त्याच्या केबली आहेतच. उरलेल्या कोपऱ्यात फ्यूज गेला.

डावी-उजवीकडचा घोळ वेगळाच. फ्रेंच बनावटीच्या गाड्या मुळात डाव्या स्टिअरिंगच्या. तिथे फ्यूजची पेटी ड्रायव्हरच्या बाजूला, म्हणजे डावीकडे. तीच गाडी ब्रिटनसाठी उजव्या स्टिअरिंगची करताना स्टिअरिंग हलवलं, पण पेटी आणि तिच्याकडे जाणारा वायरींचा जुडगा हलवणं महागात जातं. त्यामुळे प्यूजोच्या ३०८ किंवा ३००८ या गाड्यांच्या ब्रिटिश आवृत्तीत पेटी डावीकडेच राहिली आणि तिने ग्लव्ह बॉक्सची बरीचशी जागा खाल्ली. गाडीचं जाड माहितीपुस्तकही त्यात धड मावत नाही, अशी तिथल्या मालकांची तक्रार असते. आपण आणि ब्रिटिश दोघेही डावीकडून चालवणारे, त्यामुळे परदेशी आराखड्याच्या गाडीत पेटी ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ सापडली नाही तर ग्लव्ह बॉक्सच्या मागे बघावं. कारखान्याचा हिशेब मला समजतो. तरीही वायपर, हॉर्न आणि ब्रेकचे दिवे या तिघांचे फ्यूज तरी कोणत्याही हत्याराविना हाती लागावेत, हा आग्रह ग्राहकांनी धरायला हवा असं मला मनापासून वाटतं.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वाकण्याआधी विचार करावा, कारण वाकल्यावर तो होत नाही. काय काय बंद पडलं याची आधी नीट उजळणी करा. फक्त उजवा हेडलाइट गेला असेल तर बल्बही गेलेला असू शकतो. दोन्ही बाजूंचे ब्रेकचे दिवे एकदम गेले असतील तर फ्यूज किंवा पेडलजवळचा स्विच. चार्जिंगचं सॉकेट आणि म्युझिक सिस्टीम एकत्र गेली तर दोन्हींचा फ्यूज एकच आहे का ते पुस्तकात पाहा. कधी कधी लक्षण भलतीकडेच दिसतं. अनेक ऑटोमॅटिक गाड्यांत ब्रेक दाबल्याची खूण पटल्याशिवाय गिअरचा दांडा 'पी'मधून निघत नाही. ही खूण ब्रेकच्या दिव्यांच्या सर्किटमधून येते. दिव्यांचा फ्यूज उडाला की गाडी चालू होते, पण गिअर पडत नाही, आणि माणसाला वाटतं गिअरबॉक्सच गेला. अशा वेळी आधी कुणाला तरी मागे उभं करून ब्रेकचे दिवे लागतात का ते बघावं. दांड्याशेजारी एक छोटी खाच असते. हँडब्रेक ओढून, तिच्यात किल्लीचं टोक किंवा स्क्रू ड्रायव्हर दाबला तर दांडा सुटतो.

माहितीपुस्तकातलं फ्यूजचं पान मोबाइलवर फोटो काढून ठेवावं. पेटीच्या झाकणावरचा नकाशा बहुधा तुमच्या डोळ्यांकडे पाठ करून असतो, आणि त्यावरची अक्षरं मुंगीएवढी. फ्यूज शोधायला डोकं आत घालण्याचा हट्ट सोडा. मोबाइल आत घालून, फ्लॅश लावून दोन-तीन फोटो घ्या, मग सीटवर सरळ बसून ते मोठे करून पाहा. कितवी ओळ, डावीकडून कितवा, कोणता रंग, हे ठरलं की मगच हात घाला. पुष्कळदा उडालेला फ्यूजही फोटोतच दिसतो. पारदर्शक टोपीत जस्ताची पट्टी वळण घेऊन गेलेली असते. उडालेल्या फ्यूजमध्ये त्या वळणाच्या मध्यावर फट असते, आणि जोराचा शॉर्ट झाला असेल तर प्लॅस्टिकवर काजळीसारखा काळा डाग.

गाडी बंद, किल्ली बाहेर. बटणाने सुरू होणारी गाडी असेल तर किल्ली खिशात न ठेवता लांब ठेवा. ड्रायव्हरच्या बाजूची पेटी असेल तर सीट पूर्ण मागे सरकवा, दार सताड उघडा, आणि जमिनीवर उकिडवे बसून बाहेरून आत बघा. सीटवर बसल्या बसल्या खाली वाकून काम करणारे लोक पाठ तरी दुखवून घेतात किंवा पेडलला कपाळ तरी आपटतात. समोर बोटांनी चाचपडून झाकण लागतं. काही गाड्यांत ते नुसतं ओढलं की येतं, काहींत वर एखादा स्क्रू असतो. ओढताना सरळ आपल्याकडे ओढा आणि क्लिपांच्या जवळ धरून ओढा. मधोमध धरून हिसकलं की पॅनेल वाकतं आणि क्लिप तुटते. क्लिपेजवळ शिरवायला प्लॅस्टिकची पट्टी किंवा जुनं एटीएम कार्ड चालतं. लोखंडी स्क्रू ड्रायव्हर मात्र पॅनेलवर कायमचा ओरखडा ठेवून जातो.

ग्लव्ह बॉक्सच्या मागची पेटी पहिल्यांदा काढताना भीती वाटते, पण ते काम सोपं आहे. अनेक गाड्यांत एसीचं फिल्टर त्याच्याच मागे असतं, त्यामुळे ते बदलताना तुम्ही हे पाहिलंही असेल. कप्पा रिकामा करा. झाकण उघडून उजव्या किंवा डाव्या बाजूला एक दोरी किंवा बारीक दांडा आहे का ते बघा. झाकण धाडकन न पडता हळू उघडावं म्हणून तो असतो. तो आधी सोडवा. मग कप्प्याच्या दोन्ही भिंती तळव्यांनी आतल्या बाजूला दाबा. भिंतींवरची दोन अडकणं चौकटीतून निसटतात आणि कप्पा पुढे लोंबतो. खालच्या बिजागऱ्या बहुतेक नुसत्या आकड्यांसारख्या अडकवलेल्या असतात. कप्पा आडवा धरून आपल्याकडे ओढला की त्या सुटतात. थंडीत प्लॅस्टिक कडक होतं, तेव्हा घाई केली तर भिंतीला चीर जाते. गाडी थोडी उन्हात उभी करून मग हे काम करावं.

कप्पा निघाल्यावर वर मोठा डबा दिसेल आणि त्याला पिवळ्या रंगाची जोडणी असेल तर ती एअरबॅग. तिला हात लावायचा नाही, तिथे टेस्टर लावायचा नाही, ती जोडणी काढायची तर मुळीच नाही. गुडघ्यांसाठीची एअरबॅग काही गाड्यांत स्टिअरिंगखाली असते, म्हणून तिथेही पिवळ्या वायरीकडे लक्ष ठेवावं.

फ्यूज उपटायला चिमट्यासारखा प्लॅस्टिकचा पुलर मिळतो; बऱ्याच गाड्यांत तो बॉनेटखालच्या पेटीच्या झाकणात खोचलेला असतो, आणि जादा फ्यूजही तिथेच. पुलरने फ्यूजची टोपी पकडून सरळ बाहेर ओढा, डावी-उजवीकडे हलवू नका. पाती वाकली तर आतली पकड कायमची सैल पडते. पुलर शिरत नसेल तर बारीक तोंडाची पक्कड वापरण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण शेजारच्या पात्यांना पक्कड टेकली तर दुसरा फ्यूज जातो. पक्कड वापरायचीच तर तिच्या दोन्ही टोकांना टेप गुंडाळून वापरावी.

आणि फ्यूज हातातून निसटून डॅशबोर्डच्या आत पडला तर? चुंबकाची काडी आणायला धावू नका. जस्त चुंबकाला चिकटत नाही. काठीच्या टोकाला दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून, किंवा व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडावर पातळ मोजा ताणून तो बाहेर येतो. तो आतच राहू देणं बरं नाही. उघड्या पात्यांचा धातू पुढे कुठेतरी जाऊन अडकू शकतो.

फ्यूज न उपटता तपासण्याची एक चांगली सोय आहे आणि अडचणीच्या जागी तिचा फार उपयोग होतो. प्रत्येक पात्याच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक खिडक्या असतात, त्यांतून धातू उघडा दिसतो. टेस्ट लॅम्पचा चिमटा गाडीच्या उघड्या धातूला लावा. रंगवलेल्या पत्र्यावर तो काम करणार नाही, एखादा बोल्ट शोधा. इग्निशन चालू करा आणि टोक दोन्ही खिडक्यांना टेकवा. दोन्हीकडे दिवा लागला तर फ्यूज धड. एकीकडेच लागला तर उडालेला. दोन्हीकडे नाही लागला तर फ्यूजपर्यंत वीजच आलेली नाही. मग दोष रिलेत, स्विचमध्ये किंवा मागे कुठेतरी. पेटीत पंचवीस-तीस फ्यूज असले तरी एका बैठकीत सगळे तपासून होतात, आणि एकालाही हलवावं लागत नाही.

नवा फ्यूज बसवला आणि सगळं सुरू झालं, तर जिथल्या तिथे परत लावा. पट्ट्यांना चिरा पडतात, स्पीड ब्रेकरवर जोराचे झटके बसतात. फ्यूज कधी नुसत्या वयानेही जातो. पण नवा फ्यूज लगेच किंवा दोन-चार दिवसांत उडाला तर तिसरा बसवू नका. आता तारेकडे पाहायचं. चार्जिंगच्या सॉकेटचा फ्यूज असेल तर आधी टॉर्च लावून सॉकेटच्या आत बघा. तिथे पडलेलं एक नाणं मधलं टोक आणि बाहेरची भिंत जोडून शॉर्ट करतं. टायरमध्ये हवा भरायचा छोटा पंप त्याच सॉकेटवर चालवला असेल तर तो किती अँपिअर ओढतो ते त्याच्या डब्यावर वाचा. १५ अँपिअरचा फ्यूज म्हणजे १२ व्होल्टवर जास्तीत जास्त १८० वॉट. बाहेरून बसवलेला जोरदार हॉर्न, जादा दिवे, डॅशकॅमसाठी खोचलेली जोडणी या सगळ्यांवर संशय घ्यावा.

आपल्या हवेत दोन कारणं खास. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी बॉनेटखाली शिरतात आणि वायरी कुरतडतात. फ्यूज उडाल्याबरोबर बॉनेट उघडून लेंड्या, गवत, कुरतडलेल्या प्लॅस्टिकचा चुरा दिसतो का ते बघावं. दुसरं कारण पाणी. समोरच्या काचेच्या तळाशी जाळी असते, तिथे पडणारं पाणी दोन नळ्यांनी खाली जातं. गाडी पिंपळाखाली किंवा गुलमोहराखाली उभी राहिली की त्या नळ्या पाल्याने तुंबतात आणि पाणी काही गाड्यांत केबिनमध्ये उतरतं, तेही नेमकं फ्यूजच्या पेटीच्या बाजूला. फ्यूजच्या पायांवर हिरवट भुकटी दिसली की समजावं, पाण्याची वाट सापडेपर्यंत फ्यूज बदलून उपयोग नाही. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ही भुकटी आणखी लवकर येते. एखाद्या फ्यूजची टोपी किंवा त्याभोवतीचं प्लॅस्टिक वितळलेलं दिसलं, पण पट्टी शाबूत असेल, तर सांधा ढिला आहे आणि प्रवाह नेहमीचाच आहे. असा खड्डा वायरमनकडून बदलून घ्यावा; त्यात नवा फ्यूज कोंबला तर तोही तापत राहील.

बॉनेटखाली बॅटरीच्या धन टोकावर चढवलेले मोठे फ्यूज वेगळ्या जातीचे असतात. ६०, ८०, १०० अँपिअरचे, नटांनी आवळलेले. ते काढण्याआधी बॅटरीचं ऋण टोक सोडवावं लागतं, कारण पाना धन टोकाला लागलेला असताना गाडीच्या पत्र्याला टेकला तर ठिणग्या उडतात आणि पानाही लाल होतो. शिवाय असा फ्यूज विनाकारण उडत नाही, तेव्हा ते काम वायरमनचं.

इलेक्ट्रिक गाड्यांत जाड नारिंगी केबली दिसल्या की त्या मोठ्या दाबाच्या, शेकडो व्होल्टच्या. त्यांच्या वाटेवरचा कोणताही फ्यूज मालकाने उघडायचा नाही. तो प्रशिक्षित माणसानेच हाताळावा. पण याच गाड्यांत १२ व्होल्टची वेगळी, छोटी बॅटरीही असते. वायपर, हॉर्न, ब्रेकचे दिवे तिच्यावर चालतात, आणि त्यांचे फ्यूज त्याच रंगांचे, बहुतेक वेळा त्याच गुडघ्याजवळच्या पेटीत असतात.